चौदा सातेरी पेट्या सोडायच्या आहेत. कधी, कुणाला आणि कशा?

घाटवाट
१४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

महाबळेश्वर तालुक्यात घाटमाथ्यावर सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, १४ पेट्या आहेत. खाली वाईकडे हळदीचं युनिट उभं राहतंय: शिजवण, वाळवण, पॉलिश, दळण आणि पॅकिंग. शेड झालंय, वाफेचा कुकर येतोय, फेब्रुवारीत पहिली हळद शिजणार. माशा हौसेच्या, हळद पोटाची. दोन्ही जमेल का, हा प्रश्न आता मागे पडलाय, कारण हिशेब कागदावर मांडला.

एक पेटी नीट तपासायला १२ मिनिटं. १४ पेट्यांना पावणेतीन तास. पसरणी घाट चढून-उतरून वर दोन-अडीच तास. म्हणजे एका फेरीत सकाळ संपली. घर फुटायच्या, म्हणजे जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जायच्या दिवसांत ही फेरी दर सात दिवसांनी हवी. जांभूळ मार्च-एप्रिलात, हिरडा एप्रिल-मेमध्ये. आणि नेमकी तेव्हाच हळदीची काढणी, शिजवण, वाळवण. काढलेली हळद तीन-चार दिवसांत शिजलीच पाहिजे. राणीघरही, म्हणजे नवी राणी वाढते ते घर, कुणासाठी थांबत नाही.

पेट्या द्यायच्या हे ठरलंय. पण एखादी वस्तू विकावी तशा त्या विकाव्याशा वाटत नाहीत. वसाहती जगल्या पाहिजेत, घेणाऱ्याच्या हातात टिकल्या पाहिजेत. त्यासाठी काय काय करावं लागेल, जाणत्यांनी सविस्तर लिहा.

---

माशीमित्र
१४ ऑगस्ट, रात्री १०.१५

निर्णय योग्य आहे. आता तारखेकडे बघा. आपल्याकडे बहुतेक लोक पेट्या मे महिन्यात देतात, शेवटचा मध काढून झाल्यावर. देणाऱ्याला ते सोयीचं, माशांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. मधकोठी (पेटीचा वरचा, मधाचा कोठा) रिकामी, पुढे चार महिने पाऊस, आणि घेणारा नवखा. त्याला पहिल्याच महिन्यात उपासमार, पोळी पोखरणारा मेणकीडा आणि मुंग्या एकदम भेटतात. सप्टेंबरपर्यंत निम्म्या पेट्या रिकाम्या होतात आणि तो म्हणतो, मधमाशी पाळणं आपलं काम नव्हे.

द्यायची वेळ पाऊस उघडल्यावर. सोनकी, तेरडा, कारळा फुललेला असतो, परागाची आवक असते, राणी जोमात अंडी घालते. ऑक्टोबरात दिलेल्या वसाहतीला मधाच्या हंगामापर्यंत चार महिने मिळतात. माशाही वाढतात, माणूसही शिकतो.

तोपर्यंत तुमचं काम एकच, चौदाच्या चौदा पाऊस पार करून आणणं. सध्या माश्यांना साखरेचा पाक चालू आहे ना?

---

घाटवाट
१४ ऑगस्ट, रात्री १०.३०

हो. साखर-पाणी समप्रमाणात, आठवड्यातून दोनदा, पेटीला पाव लिटर. संध्याकाळी आणि आतच, बाहेर एक थेंब सांडू न देता. पेट्यांखालच्या घोड्यांचे (स्टँडचे) पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत आहेत.

---

कोयनाकाठ
१५ ऑगस्ट, सकाळी ७.०५

माझं मत वेगळं आहे. सगळ्या कशाला देता? बारा द्या, दोन ठेवा. दोन पेट्यांना आठवड्यातला अर्धा तास लागतो. हळदीच्या शेडच्या मागे ठेवा, घाट चढायचीही गरज नाही. वर्षाला एका सातेरी पेटीचा पाच-सात किलो मध धरला तर घरापुरता सहज निघेल. हौस अशी मुळासकट उपटून टाकू नये.

---

सुरेखा_वाई
१५ ऑगस्ट, सकाळी ८.२०

कोयनाकाठ दादांना +१. दोनच ठेवा, पण ठेवा.

---

माशीमित्र
१५ ऑगस्ट, सकाळी ९.१०

दोनचा आकडा ठीक आहे. एक ठेवण्यापेक्षा दोन केव्हाही बऱ्या, कारण एकीची राणी मेली तर दुसरीतली अंडी असलेल्या पोळ्याची चौकट देऊन ती सावरता येते. एकच पेटी असेल, राणी गेली आणि नवी झाली नाही तर थोड्याच दिवसांत कामकरी माश्या अंडी घालू लागतात, त्यातून फक्त नर निघतात आणि वसाहत संपते.

अडचण जागेची आहे. हळदीचं शेड म्हणजे आसपास हळदीचे प्लॉट. हळदीचा कंद पोखरणाऱ्या कंदमाशीसाठी जुलै ते ऑक्टोबर क्विनॉलफॉस या कीटकनाशकाच्या फवारण्या चालतात. ते औषध माशीला अंगावर पडलं तरी मारतं आणि पानावर सुकलेलंही मारतं. हळदीच्या फुलावर माशी फारशी जात नाही हे खरं, पण बांधावरच्या तेरड्यावर, रानफुलांवर जाते आणि फवारा तिथेही उडतो. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत चारा शोधते. त्या टापूत कोण कधी फवारणार हे तुमच्या हातात नाही.

दुसरी गोष्ट सात दिवसांची. राणीघरात अंडं पडल्यापासून आठव्या दिवसाच्या आसपास ते बंद होतं, आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. सात दिवसांनी बघणाऱ्याच्या हाती ते उघडं राणीघर लागतं. बारा दिवसांनी बघणाऱ्याला रिकामी फांदी दिसते. कुकर चालू असताना "या रविवारी नको, पुढच्या रविवारी बघू" होणारच. दोन पेट्या असोत नाहीतर चौदा, हा हिशेब बदलत नाही.

---

कोयनाकाठ
१५ ऑगस्ट, दुपारी १.३०

फवारणीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शेडच्या मागे ठेवा हे मी मागे घेतो. वर घाटमाथ्यावरच, घेणाऱ्याच्या ओळीत तुमच्या दोन पेट्या राहू शकतील का? देखभाल त्याची, मध अर्धा-अर्धा?

---

घाटवाट
१५ ऑगस्ट, दुपारी २.००

याचा विचार झाला होता. पण मग दर आठवड्याला फोन जाणार, "माझी तीन नंबरची कशी आहे?" घेणाऱ्याला त्या कधीच आपल्या वाटणार नाहीत. सगळ्याच द्यायच्या.

---

तंतुवाद्य_मिरज
१५ ऑगस्ट, सायं. ६.४५

विषय माशांचा आहे, तरी थोडं आमच्या गावचं. मिरजेत तानपुरे दुरुस्तीला येतात त्यातले बरेच "कामाच्या धबडग्यात दोन-तीन वर्षं हात लावला नाही" असे असतात. वाद्य बाजूला ठेवायचं तर तारा पूर्ण सैल करू नयेत, दोन-तीन सुरांनी उतरवाव्यात, म्हणजे दांडीवरचा ताण कमी होतो आणि तारांखालची घोडीही जागा सोडत नाही. भोपळा भिंतीला टेकवू नये, ओल धरतो. गवसणीत कडुलिंबाचा पाला नाहीतर कापूर. इतकं केलं की वाद्य तुमची वाट बघत राहतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून अशी अडगळीतली वाद्यं पुन्हा बाहेर निघताना दिसतात, फार बरं वाटतं.

माशांना अशी गवसणी घालता येत नाही, हे हा धागा वाचताना जाणवलं. त्यामुळे "सगळ्याच द्यायच्या" हे पटतं.

---

हळकुंड_सांगली
१५ ऑगस्ट, रात्री ८.३०

घाटवाट, माशांबद्दल मला काही कळत नाही, पण ज्यासाठी हे सोडताय त्याबद्दल विचारतो. कुकर किती क्षमतेचा? हळदीची जात सेलम आहे की राजापुरी? जेठे गड्डे (मधला मूळ कंद) आणि हळकुंडं (त्याला फुटलेली बोटं) वेगळी शिजवणार ना?

हे विचारायचं कारण, पहिल्या वर्षी सगळे इथेच चुकतात. गड्डा जाड, हळकुंड बारीक. एकत्र घातलं तर हळकुंड जास्त शिजून रंग जातो आणि गड्डा मध्ये कच्चा राहतो. काहिलीत पाऊण ते एक तास लागतो, वाफेवर बराच कमी, पण घड्याळावर जाऊ नका. फेस येतो, पांढरी वाफ निघते, हळदीचा खास वास सुटतो. तेव्हा एक हळकुंड काढून आगपेटीची काडी टोचा. सहज आरपार गेली की उतरवा. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते, पॉलिशच्या ड्रममध्ये तुकडे पडतात आणि साठवणीत भुंगेरा लागतो.

वाळवण १० ते १५ दिवस, थर दोन-तीन इंचांचा. रात्री गोळा करून झाकायची, दव लागलं की रंग उतरतो. मोडल्यावर खणकन आवाज आला पाहिजे. ओल्या १०० किलोंची वाळून साधारण २० किलो. पॉलिशमध्ये आणखी ५ ते ८ टक्के वजन जातं. दर ठरवताना हे विसरून लोक तोट्यात जातात.

हे सगळं ज्या दहा आठवड्यांत होतं त्यात दुसरीकडे लक्ष ठेवणं अशक्य. माशीमित्र म्हणतात ते अगदी खरं.

---

घाटवाट
१५ ऑगस्ट, रात्री ९.००

सेलम. गड्डे-हळकुंडं वेगळी करणारच. दर काढताना पॉलिशची घट धरली नव्हती, मनापासून आभार.

---

सुरेखा_वाई
१६ ऑगस्ट, सकाळी ६.५०

एक सुचवू? मध आणि हळद दोन्ही तुमचंच, तर मधात कालवलेली हळद बाटलीत भरून विका. हौसही राहील, धंदाही वाढेल. सर्दी-खोकल्याला घरोघरी चाटवतातच.

---

माशीमित्र
१६ ऑगस्ट, सकाळी ९.४०

सुरेखाताई, घरात चमच्यावर कालवून चाटवणं वेगळं आणि सहा महिने बाटलीत टिकवणं वेगळं. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, अन्नसुरक्षेच्या नियमातही तीच मर्यादा आहे. सातेरीचा मध घाटमाथ्यावरच्या दमट हवेत बरेचदा २१-२२ भरतो. हळदीच्या पुडीत पुन्हा आठ-दहा टक्के ओल आणि जंतूही असतात. दोन्ही एकत्र बंद केलं की आंबतं, वायू धरतो, झाकण फुगतं. शिवाय पूड वेगळी होते. असा माल करायचा तर आधी रिफ्रॅक्टोमीटरने (मधातलं पाणी दाखवणारं उपकरण) प्रत्येक खेपेचा मध मोजा, पूड निर्जंतुक घ्या, परवान्यात तो पदार्थ वेगळा नोंदवा. म्हणजे हा तिसराच धंदा झाला, आणि घाटवाट एक कमी करायला निघालेत.

---

डोंगरचा_राजू
१६ ऑगस्ट, दुपारी १२.१०

पेट्या हलवायचं म्या सांगतो, कारण तिथंच लई जनांचं वाटोळं हुतं.

आदी मदकोठी काढायची. भरल्या पोळ्याची चौकट हिसक्यानं तुटती, मद खाली गळतो, राणी त्यात बुडती. सातेरीचं पोळं नाजूक, त्यात कवळं पांडरं पोळं आसंल तर ती चौकट बांदून घ्या न्हायतर आदीच काढा. अंगवश्याच्या (खालच्या, पिलांच्या कोठ्याच्या) चौकटी येकमेकीला घट्ट दाबून दोन्ही कडंला पट्टी ठोका.

दार सांजच्याला समद्या माश्या आत आल्या की बंद, पर फळीनं न्हाई, बारीक जाळीनं. वरचं झाकण काडून तितं बी जाळी मारा. गुदमारली की माशी ओकती, वली हुती आन सकाळपत्तुर तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) ढीग पडतो.

गाडीत पेटी ठेवताना चौकटी गाडीच्या लांबीला समांतर. आडव्या ठेवल्या की दर ब्रेकला पोळी येकमेकावर आपटत्यात. पसरनी घाटातनं उतरनार आसाल तर वळनाला बी हिसका बसतो, म्हनून पेट्यांच्या मदी गवताचं पेंढं कोंबा. टॉर्चला लाल कागद लावा. लाल उजेड माशीला दिसत न्हाई, अंगावर येत न्हाई. रातीत निगायचं, उजाडायच्या आत जाग्यावर.

---

घाटवाट
१६ ऑगस्ट, दुपारी १२.४०

राजूभाऊ, हे छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. नवी जागा जुन्या जागेपासून किती लांब हवी?

---

डोंगरचा_राजू
१६ ऑगस्ट, दुपारी १.००

दोन-तीन किलोमीटरच्या फुडं. त्याच्या आत आसंल तर चरायला गेलेली माशी जुन्या जाग्यालाच परत जाती आन तितं घुटमळून मरती. त्याच शेतात सरकवायची आसंल तर रोज फूट-दोन फूट, दमानं.

---

माशीमित्र
१६ ऑगस्ट, दुपारी १.२५

राजूभाऊंच्या सांगण्याला जोडून, पोचल्यानंतरचं. पेटी घोड्यावर ठेवून अर्धा तास शांत राहू द्या, मग दार उघडा. दाराला राणी जाळी (राणीला बाहेर पडू न देणारी) तीन-चार दिवस लावा, सातेरी नव्या जागेवरून वसाहतीसकट उठून जाते म्हणून. पण नुकतीच निघालेली कुमारी राणी आत असेल तर जाळी अजिबात लावू नका. तिला मीलनासाठी बाहेर जावंच लागतं. पहिल्या संध्याकाळी थोडा पाक. दोन दिवस पेटी उघडायची नाही, मनाला कितीही वाटलं तरी.

---

स्ट्रॉबेरी_पट्टा
१६ ऑगस्ट, सायं. ७.१५

भिलारच्या बाजूला दीड एकर स्ट्रॉबेरी आहे. परागीभवन नीट झालं नाही की फळ वाकडंतिकडं येतं, एका बाजूला बिया दाट आणि दुसरीकडे चपटं. पेट्या घेण्याची मनापासून इच्छा आहे. चार घेऊ शकतो. माशी पाळण्याचं प्रशिक्षण मात्र झालेलं नाही.

---

माशीमित्र
१६ ऑगस्ट, रात्री ८.००

तुमच्यासारख्याकडे गेल्या तर छानच, पण आधी तीन गोष्टी. पहिली, फवारणी. फूल चालू असताना कीटकनाशक शक्यतो नाहीच, अगदीच लागलं तर सूर्य मावळल्यावर, आणि त्याआधी पेट्यांची दारं जाळीने बंद. दुसरी, प्रशिक्षण. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, तिथे चौकशी करा. मांघरलाही जाऊन या. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, तिथे घराघरांत पेट्या आहेत आणि लोक मोकळेपणाने दाखवतात. तिसरी, स्ट्रॉबेरीवर माशीचं पोट भरत नाही. मकरंद फार थोडा मिळतो. आसपास जंगल हवं, नाहीतर पाक चालू ठेवावा लागेल.

---

स्ट्रॉबेरी_पट्टा
१६ ऑगस्ट, रात्री ८.२०

मान्य. पुढच्याच आठवड्यात संचालनालयात जातो.

---

नोंदवही
१७ ऑगस्ट, सकाळी १०.३०

पेटीबरोबर कागद द्या. प्रत्येक पेटीचं एक पान: नंबर, वसाहत कुठून आली, राणी कोणत्या वर्षाची, शेवटची तपासणी कधी, किती चौकटी माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या, किती चौकटींत पिलावा (अंडी, अळ्या, कोष), घर फुटायची खोड आहे का, स्वभाव शांत की तापट. राणीच्या पाठीवर ठिपका असेल तर रंगाची जगभर एकच रीत आहे. वर्षाच्या शेवटच्या आकड्यावरून १ आणि ६ ला पांढरा, २ आणि ७ ला पिवळा, ३ आणि ८ ला लाल, ४ आणि ९ ला हिरवा, ५ आणि ० ला निळा. ठिपका नसेल तर आता टाकत बसू नका. सवय नसलेल्या हातात राणी दुखावते.

दरही पेटीवर ठरवू नका, भरलेल्या चौकटींवर ठरवा. सहा चौकटींची वसाहत आणि तीनची वसाहत एकाच भावात गेली की पुढे कटकट होते.

---

कोयनाकाठ
१७ ऑगस्ट, सकाळी ११.१५

तीनच चौकटींच्या असतील त्या देऊच नयेत, असं मी म्हणेन. पावसानंतर ज्या अशक्त दिसतील त्या एकमेकींत मिसळा. कमी प्रतीची राणी काढा, एक दिवस जाऊ द्या. संध्याकाळी राणी असलेल्या अंगवश्यावर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला टाचणीने दहा-बारा भोकं, त्यावर बिनराणीचा कोठा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडतात, तोवर वास एक झालेला असतो. भांडण होत नाही. चौदाच्या अकरा झाल्या तरी चालतील, पण अकराही दणकट जातील.

---

माशीमित्र
१७ ऑगस्ट, दुपारी १२.००

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. एकच जोडतो. मिसळण्याआधी पिलावा तपासा. अळी घरात पाठीवर ताठ पडलेली, डोक्याकडे काळसर, चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते, असं दिसलं तर तो थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत सातेरीचा याने सत्यानाश केला होता. विषाणू आहे, औषध नाही. अशी पेटी मिसळायची नाही, द्यायची नाही, तिच्या चौकटी दुसरीकडे फिरवायच्या नाहीत. पिलाव्याची पोळी काढून जाळा, राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणं थांबवा, पाक द्या. सशक्त असेल तर सावरते. तोवर ती तुमच्याकडेच.

---

घाटवाट
१७ ऑगस्ट, दुपारी १२.२०

नऊ नंबरच्या पेटीत पिलावा ठिगळ-ठिगळ दिसतोय. पिशवीसारखी अळी नाही, पण शंका आहे. उद्या वर जाऊन बघतो.

---

हरिपूरकर
१७ ऑगस्ट, दुपारी ३.४०

हळकुंड_सांगली यांनी साठवणीचा विषय काढला म्हणून. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोदलेली हळदीची पेवं होती. वर तोंड लहान, खाली पोट मोठं, आत उतरून हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. हवा नाही, त्यामुळे कीड नाही, रंग तसाच. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण ज्या पेवांनी तिचं नाव केलं त्यांतली आता मोजकीच उरलीत. तुमच्या शेडमध्ये साठवण करताना तत्त्व तेच ठेवा: पूर्ण वाळलेला माल, हवाबंद, जमिनीपासून वर फळ्यांवर.

---

हळकुंड_सांगली
१७ ऑगस्ट, दुपारी ४.१०

पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर हवा खराब, हेही जुन्या हमालांचं ज्ञान. छान आठवण काढलीत.

---

सुरेखा_वाई
१७ ऑगस्ट, सायं. ५.३०

रिकाम्या पेट्या आणि जुनी पोळी उरतील त्यांचं काय करायचं? आणि ठरलेली गिऱ्हाइकं दरवर्षी मध मागणार, त्यांना काय सांगायचं?

---

नोंदवही
१७ ऑगस्ट, सायं. ६.००

गिऱ्हाइकांचं सोपं आहे. ज्याने पेट्या घेतल्या त्याचं नाव सांगायचं, त्याला विचारून. लेबल मात्र द्यायचं नाही. अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक व्यक्तीचा आणि जागेचा असतो, तुमच्या क्रमांकावर दुसऱ्याचा मध विकला गेला आणि नमुना नापास झाला तर नोटीस तुम्हाला येईल. उरलेली लेबलं मोजून नष्ट करा.

---

माशीमित्र
१७ ऑगस्ट, सायं. ६.२०

पोळी साठवू नका. सातेरीला जुनं काळं पोळं आवडत नाही, ती ते कुरतडून खाली पाडते, आणि माळ्यावर ठेवलं तर मेणकीडा महिन्याभरात जाळं करतो. सरळ मेण काढा. पोळी कापडी पिशवीत बांधून पाण्यात, मंद आचेवर. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, पाणी उकळू द्यायचं नाही. भांडं लोखंडी नको, मेण काळं पडतं. पिशवी काठीने दाबत राहा. मग भांडं गोधडीत गुंडाळून रात्रभर सावकाश थंड होऊ द्या, वर पिवळी वडी येते, तळाचा गाळ खरवडून काढा.

पेट्या: आतून खरवडा, ब्लो लँपने फळ्या तांबूस होईपर्यंत शेका, कोपऱ्यांत जास्त, कारण मेणकिड्याची अंडी तिथेच. दोन दिवस ऊन. आतून रंग कधीच नाही.

---

तंतुवाद्य_मिरज
१७ ऑगस्ट, रात्री ९.००

ती पिवळी वडी पूर्ण विकू नका. हळदीच्या शेडमध्ये एक ठेवा. लाकडी खोक्याच्या खाचा, पॅकिंगचा दोरा, सगळ्याला उपयोगी पडते, आणि तिचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

---

घाटवाट
१८ ऑगस्ट, रात्री ८.५०

आज वर जाऊन आलो. नऊ नंबरमध्ये सॅकब्रूड नाही. तळपाटाच्या फटीत मेणकीडा होता, दोन पोळ्यांत बोगदे, म्हणून पिलावा तुटक दिसत होता. ती दोन्ही पोळी काढली, तळपाट खरवडलं, चौकटी कमी करून माश्या दाट केल्या.

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय.

सप्टेंबर अखेरपर्यंत पाक आणि दर दहा दिवसांनी तळपाट साफ. पाऊस उघडला की पूर्ण तपासणी, नोंदवहीत पानं. चार चौकटींच्या खालच्या वसाहती मिसळायच्या. यंदा मध अजिबात काढायचा नाही, जे साठेल ते त्यांच्याबरोबर जाईल. पेटीत निदान दीड-दोन किलो तरी मध राहावा. दसऱ्यानंतर द्यायला सुरुवात. चार स्ट्रॉबेरी_पट्टा यांना, प्रशिक्षण झालं असेल तर. उरलेल्या मांघरच्या बाजूला एकाच माणसाला, तुकडे न करता, म्हणजे त्याला चौकटींची अदलाबदल करता येईल. तिथे जागाही तीन किलोमीटरच्या पुढे आहे. पहिले दोन महिने तो बोलावेल तेव्हा जाईन, न बोलावता नाही. डिसेंबरनंतर शेडवरच.

मध काढणी यंत्र, धुराडं, बुरखे सगळं त्यालाच. फक्त चाकू ठेवतोय.

---

कोयनाकाठ
१८ ऑगस्ट, रात्री ९.१५

यंदा मध न काढण्याचं ठरवलंत, त्यासाठी तुम्हाला नमस्कार. पण "मिसळायच्या" ते सप्टेंबर अखेर थांबून, घाई नको. कारळा फुलल्यावर तीनच्या पाच चौकटी व्हायला तीन आठवडे पुरतात. आधी संधी द्या.

---

घाटवाट
१८ ऑगस्ट, रात्री ९.२०

बरोबर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवतो.

---

डोंगरचा_राजू
१८ ऑगस्ट, रात्री ९.३५

नव नंबरचं तळपाट खरवडून भागायचं न्हाई. फट हाय तितं किडा परत येनार. नवं तळपाट बशीवा, जुनं जाळा, मंगच ती पेटी द्या. आन गाडीच्या रातीला फोन करा, पेंढा हिकडं हाय.